भाऊजींची मिशी आणि माझा क्लच

‘‘मॅडम, स्टॉक क्लच किती टिकतो?’’

आमच्या प्लांटच्या कँटीनमध्ये नवी लागलेली पोरं मला हा प्रश्न हमखास विचारतात. स्टॉक म्हणजे कंपनीतून गाडीबरोबर आलेला, मूळचा, न बदललेला. पार्किंगमध्ये त्यांना माझी लाल टर्बो गाडी दिसते. ती एका बाईची आहे हे कळल्यावर आधी त्यांना धक्का बसतो आणि मग हा प्रश्न सुचतो. उत्तर त्यांनी इंटरनेटवर वाचलेलंच असतं. कोणी लिहितो चाळीस हजार किलोमीटर, कोणी म्हणतो एवढ्या ताकदीच्या इंजिनाला तीसच धरा, कोणी म्हणतो चालवणाऱ्याचा पाय बघून सांगतो. माझ्याकडून त्यांना फक्त आकडा हवा असतो. मी आकडा देत नाही, चहा मागवते आणि भाऊजींच्या मिशीची गोष्ट सांगते.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. डभोईला त्यांचं पंपांचं आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांची मिशी त्या काळात डभोईच्या बाजारात दुकानाच्या पाटीइतकीच प्रसिद्ध होती. टोकांना पीळ, मधे भरघोस, आणि सकाळी आंघोळ झाली की तिला तेलाचं बोट. ताई म्हणायची, आमच्याकडे पहिलं तेल देवाच्या समईला आणि दुसरं मिशीला, आमटीच्या फोडणीचा नंबर त्यानंतर. माणूस वाईट नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. फक्त एका बाबतीत त्यांचं डोकं गंजलेलं होतं. बाई आणि क्लच यांचं जमत नाही, हे त्यांचं ठाम मत. बायको, मेहुणी, दुकानात येणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांना ते सांगून झालं होतं.

हे मत येतं कुठून ते मला पक्कं ठाऊक आहे. मी गाडी शिकले ती नव्वदच्या दशकात, जेव्हा बडोद्यात दर दोन-चार महिन्यांनी एखादी नवीन बनावटीची गाडी दिसायला लागली होती आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूलं निघाली होती. आमचे मास्तर पुरुषांना सांगायचे, बंद पडली तर पडू दे, परत चालू कर. माझ्याकडे वळले की म्हणायचे, ‘‘बेन, क्लच पर पग राखजो.’’ म्हणजे पाय क्लचवरच असू द्या. का, तर गाडी बंद पडणार नाही आणि मागचे लोक हॉर्न मारणार नाहीत. आता क्लच अर्धा दाबून ठेवला की काय होतं? इंजिन एका वेगाने फिरतं, चाकं दुसऱ्याच वेगाने फिरतात आणि मधली प्लेट दोघांच्या मध्ये घासत राहते, सासू-सासऱ्यांच्या भांडणात सून सापडावी तशी. मग ती जळते. म्हणजे आधी बायकांना घाबरून चालवायला शिकवायचं, आणि घाबरल्यामुळे क्लच जळला की बायकांना चालवता येत नाही म्हणून हसायचं. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी चौथ्या-पाचव्या दिवशीच रावपुऱ्याच्या भर रस्त्यात मुद्दाम पाय उचलला आणि गाडी बंद पडू दिली. मागे स्कूटर आणि रिक्षांच्या हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तर घामाघूम झाले. मी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली, सावकाश किल्ली फिरवली आणि निघाले. त्या दिवसापासून गिअर बदलायचा नसेल तेव्हा माझा डावा पाय क्लचच्या आसपास फिरकत नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि आम्ही रावपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून मांजलपूरला सोसायटीत फ्लॅट घेतला. माझं लग्नाचं वय उलटलं असं नातेवाईक म्हणायचे. मी म्हणायचे, उलटलं नाही, मी त्याला ओव्हरटेक केलं. बाबा यावर हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. ते तसेच होते, मोजकं बोलणारे. पण माझ्या शेजारी गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय बोलायचा. समोर गाय दिसो, रिक्षा दिसो, नुसतं वळण दिसो, बाबा त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबायचे. कंपनीची गाडी असो, मैत्रिणीची असो, माझी पहिली छोटी गाडी असो, पाय खाली रोवलेला. तोंडाने बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. पायाशी काय भांडणार?

लाल गाडी आली ती मी गाडी शिकल्यावर दहाएक वर्षांनी. अलकापुरीतल्या एका कारखानदाराने ती हौसेने घेतली होती आणि वर्षभरात त्याला तिचा कंटाळा आला होता. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पाच गिअर, रस्त्याला चिकटून चालणारी. भाऊजींनाही तिचा वास लागला होता. ते मालकाला फोन करणार तोवर मी सौदा करून चावी घेऊन घरी आले. हे त्यांना लागलं, आणि ते लागणं पुढे सगळीकडे शिरलं.

दसऱ्याला गाडीची पूजा ठरली. आमच्याकडे बडोद्यात दसऱ्याला सकाळी फाफडा-जलेबी आणि संध्याकाळी आपट्याची पानं, दोन्ही सोडत नाहीत. ताई-भाऊजी डभोईहून आले. सोसायटीच्या फाटकाशी चांगलाच चढ आहे. तिथे इमारतीचं नाव फोटोत येतं म्हणून भाऊजींनी गाडी चढावरच उभी करायला लावली. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला. मग मला म्हणाले, ‘‘लिंबू फुटतं तेव्हाचा फोटो पाहिजे. हळू ये. हाफ क्लचवर धरून ठेव, मी सांगतो तेव्हा सोड.’’

हाफ क्लचवर गाडी चढावर धरायची म्हणजे प्लेटला तव्यावर बसवायचं. पण सणाचा दिवस, बाबा समोर उभे, मी धरली. ताईचा कॅमेरा अडकला. भाऊजी म्हणाले, थांब. शेजारच्या मासी कुंकू घेऊन धावत आल्या, त्यांना मध्ये घेतलं. भाऊजी म्हणाले, अजून जरा. भाऊजींना स्वतःला फोटोत यायचं होतं, ते मिशी नीट करून आले. लिंबं फुटली तेव्हा बॉनेटखालून जळका वास यायला लागला होता. मासींनी दोनदा नाक ओढलं आणि प्रेमाने विचारलं, ‘‘कई अगरबत्ती छे?’’ म्हणजे कुठली उदबत्ती लावलीय.

सगळे हसले. भाऊजी सर्वांत मोठ्याने हसले.

‘‘बघा,’’ ते बाबांना म्हणाले, ‘‘पहिल्याच दिवशी वास. ही गाडी पुरुषाच्या हातातली आहे हो. मूळचा क्लच साठ हजारपर्यंत हिच्या पायाखाली टिकला, तर मी मिशी उतरवीन. लखी राखजे, लिहून ठेव, मेहुणीबाई.’’

‘‘आणि नाही टिकला तर?’’ मी विचारलं.

‘‘तर गाडी माझी. तू घेतलीस त्याच भावात.’’

ताई ‘अहो’ म्हणेपर्यंत मी पुढे होऊन त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हटलं, ‘‘ठरलं.’’ माझं डोकं तापलं की मी अशीच बोलते. मीटरवर तेव्हा जेमतेम पंधरा हजार झाले होते. बाबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘दसऱ्याच्या दिवशी सोनं हातावर ठेवून दिलेला शब्द आहे. दोघांनीही लक्षात ठेवा.’’ आमच्या घरात दिलेला शब्द मागे घेण्याची पद्धत नव्हती. बाबांनी त्याच गुणापायी रेल्वेत बढत्या घालवल्या होत्या.

त्या रात्री मला झोप आली ती छान आली, हे सांगायला हवं. भीती वगैरे वाटली नाही. मला ती गाडी हवी होती, मी ती मिळवली होती, आणि कोणाच्या फुशारकीने ती माझ्याकडून जाणार नव्हती. गाडी शिकेपर्यंत मागच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या मानांकडे बघत प्रवास केला होता मी.

मग वर्षं सुरू झाली. मांजलपूर ते प्लांट रोजचं जाणं-येणं, महिन्यातून दोनदा ताईकडे डभोई. डभोई रस्त्यावर मी गाडी पळवायचे, आणि पळवायचे म्हणजे पळवायचेच. ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, बस, सगळं मागे. लोकांना वाटायचं, एवढी पळवते म्हणजे क्लच लवकर जाणार. उलट आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरला क्लच पूर्ण सुटलेला असतो, तेव्हा तुम्ही कितीही पळवा, प्लेटला काही होत नाही. ती झिजते ती निघताना, थांबताना, घुटमळताना. जाऊ की नको, जाऊ की नको, असं करणाऱ्याचा क्लच आधी जातो. मी हे भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘ट्रॅक्टरचं मला शिकवू नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘ट्रॅक्टरचं नाही शिकवत, माझ्या गाडीचं सांगते.’’ दर वेळी डभोईला पोचले की ते बाहेर येऊन आधी मीटर बघायचे, मग बॉनेटजवळ वाकून वास घ्यायचे, आणि मग मला ‘ये’ म्हणायचे. वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले. वास आला नाही. मिशीचा पीळ मात्र मला जरा सैल वाटायला लागला.

खरी परीक्षा दर वर्षी गणपतीत यायची. आम्ही मांजलपूरला गेलो तरी रावपुऱ्यातली आमची गल्ली आम्हाला आपलंच मानते. तिथल्या गणपतीची एक जुनी रीत आहे. मूर्ती शाडूची, हातभर उंचीची. विसर्जनाला ती ट्रकमधून जात नाही. गल्लीतल्या माणसांपैकी ज्याची गाडी सर्वांत नवी असेल त्याच्या गाडीतून जाते, आणि गल्लीतला सर्वांत वडील माणूस पुढच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसतो. पुढे लेझीम, मागे गाडी, दुपारी निघायचं ते तळ्यापर्यंत. अंतर पायी गेलं तर काहीच नाही, पण मिरवणुकीत दुपार सरते. आणि त्या वर्षांत सर्वांत नवी गाडी माझी होती.

हा मान आहे, नाही म्हणता येत नाही. पण माझ्या गाडीला हळू चालताच येत नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून एक्सिलरेटरला हातही लावला नाही, म्हणजे पाय, तरी ती माणसाच्या चालीपेक्षा पुढे पळते. लेझीमच्या चालीने जायचं तर सबंध दुपार हाफ क्लच. एका मिरवणुकीत वर्षाचा क्लच संपायचा. जी गाडी पळण्यासाठी बनवली ती देवासमोर मेली असती.

पहिल्या वर्षी मी माझी पद्धत काढली. गाडी न्यूट्रलला उभी. लेझीम पुढे जाऊ दे, मध्ये बरीच मोकळी जागा पडू दे, मग पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडायचा, तेवढं अंतर एका दमात कापायचं आणि परत न्यूट्रल. गल्लीतले एक काका खिडकीशी आले आणि म्हणाले, ‘‘अगं, देव धक्के खात चाललाय. असं कुठे असतं?’’

‘‘काका, गाडी माझी आहे. धक्के चालत नसतील तर दुसरी आणा.’’

‘‘देवाचं काम आहे.’’

‘‘देवाला क्लच कळतो. तुम्ही लेझीमवाल्यांना सांगा, जागच्या जागी खेळा आणि मग पळा.’’

काका चिडून गेले, पण त्यांनी सांगितलं. त्या वर्षीपासून आमच्या गल्लीची लेझीम तशीच झाली. जागच्या जागी खेळ, मग झपझप पुढे, परत जागच्या जागी. आता नवीन मुली ती चाल शिकतात तेव्हा त्यांना वाटतं ही पूर्वापार आहे. मला विचाराल तर ती माझ्या क्लचसाठी बसवलेली आहे, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. तीन मिरवणुका मी अशा काढल्या आणि प्लेटला झळ लागू दिली नाही.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली. काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले, पण गाडीतून नेलं की खड्ड्याखड्ड्याला त्यांचा चेहरा आवळायचा. बोलायचे अर्थातच काही नाहीत. पाय मात्र तसाच ब्रेक दाबत राहायचा, दुखऱ्या खुब्याने. मी सांगितलं, बाबा, नका दाबू, दुखतंय ना. ते म्हणाले, मी कुठे दाबतो?

त्याच वर्षी गल्लीतले जुने आजोबा गेल्यामुळे सर्वांत वडील माणूस बाबा झाले. मूर्ती मांडीवर घेऊन बसण्याचा मान त्यांचा. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला बसवू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्यासाठी उशी शोधायला लागले. लहानपणापासून त्यांनी त्या सीटकडे पाहिलं होतं.

मीटरवर तेव्हा साठ हजाराला थोडेच कमी होते. महिन्याभराचं जाणं-येणं, बस. भाऊजी विसर्जनाला डभोईहून आले ते नवं धोतर नेसून. मीटर बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘मेहुणीबाई, न्हाव्याला सांगून ठेवावं लागणार बहुतेक.’’ मीही म्हटलं, ‘‘चांगला बघा, एकदाच काढायचीय.’’ इतकी माझी खात्री होती.

मिरवणूक निघाली. बाबांना उशी देऊन पुढे बसवलं, मांडीवर मूर्ती दिली. लेझीम पुढे गेली, जागा पडली. मी गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी निघाली, ब्रेक लावला, थांबली. बाबांनी ओठ घट्ट मिटले. दोन्ही हात मूर्तीभोवती, त्यामुळे त्यांना कशाला धरताही येत नव्हतं. पुन्हा जागा पडली, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. या वेळी मी शेजारी पाहिलं. कपाळावर घाम होता, डोळे मिटलेले होते, आणि खाली पाय नसलेला ब्रेक इतका जोरात दाबत होता की मांडी थरथरत होती. मूर्ती हलू नये म्हणून ते सगळा धक्का खुब्यावर घेत होते. मला राग आला. बाबांचा, मानाचा, लेझीमचा, आपट्याच्या पानाचा, सगळ्यांचा. आणि भाऊजींच्या मिशीसाठी मी बापाचं हाड हलवतेय याचा सर्वांत जास्त.

मी पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा उचलला आणि तिथेच धरला.

गाडी पाण्यावरच्या पणतीसारखी निघाली. ना झटका, ना थांबणं. लेझीमच्या पावलाला पाऊल. डाव्या पायाच्या पोटरीला कळा यायला लागल्या, पण मी पाय हलू दिला नाही. इतकी वर्षं त्या पायाला मी क्लचपासून लांब राहायला शिकवलं होतं, आणि जवळ कसं राहायचं हेही त्यालाच ठाऊक होतं. लेझीमवाल्या आधी गोंधळल्या, मग त्यांनीही जुनी संथ चाल धरली. थोड्या वेळाने वास आला. ओळखीचा, दसऱ्याच्या दिवशीचा.

भाऊजी माझ्या खिडकीशी आले. गाडीबरोबर चालत म्हणाले, ‘‘वास येतोय.’’

‘‘येऊ दे.’’

‘‘अगं, साठ हजारला थोडेच राहिलेत.’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘मग दर वर्षीसारखं थांबत थांबत घे की.’’

‘‘बाबा झोपलेत,’’ मी म्हटलं.

भाऊजींनी वाकून आत पाहिलं. खरंच झोपले होते बाबा. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आणि ते मूर्ती कवटाळून, मान किंचित कलती करून गाढ झोपले होते. खाली त्यांचा उजवा पाय सैल पडला होता, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला. माझ्या गाडीत तो पाय मी असा कधी पाहिला नव्हता.  भाऊजी पुढे गेले आणि लेझीमच्या म्होरक्याशी हातवारे करून बोलायला लागले. मला वाटलं, आणखी हळू चाला म्हणत असणार, म्हणजे क्लच नक्की जाईल. जाऊ दे, म्हटलं. मी आता क्लच राखत नव्हतेच.

तळ्याशी पोचलो, मूर्ती उतरवली, बाबा जागे झाले आणि म्हणाले, ‘‘आलं पण?’’

परतताना गाडीचं इंजिन ओरडायचं आणि वेग वाढायचा नाही. मांजलपूरला सोसायटीच्या फाटकाशी आले आणि त्याच लिंबांच्या चढावर ती उभी राहिली. एक्सिलरेटर दाबला तर आवाज गगनाला, गाडी जागच्या जागी. शेजाऱ्यांनी आणि भाऊजींनी ढकलून ती आत घेतली. मीटर साठ हजाराच्या अलीकडे थांबलं होतं. मी चावी काढली आणि सगळ्यांसमोर भाऊजींच्या हातावर ठेवली.  म्हटलं, ‘‘पैज तुमची, गाडी तुमची. आणि वाईट वाटून घेऊ नका, मला वाटत नाहीये.’’ हे खोटं होतं. वाईट खूप वाटत होतं, पश्चात्ताप मात्र कणभर नव्हता. भाऊजींनी चावी खिशात टाकली आणि ताईला घेऊन आपल्या जीपने डभोईला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात ताई, आणि तिच्या मागे एक अनोळखी माणूस. वरचा ओठ पांढराफटक, बाकी चेहरा उन्हाने रापलेला. मी ‘कोण पाहिजे’ विचारणार होते.

‘‘आत येऊ का?’’ भाऊजींच्या आवाजात तो माणूस म्हणाला.

त्यांनी टेबलावर चावी ठेवली. मी ती परत त्यांच्याकडे सरकवली. ‘‘पैज मी हरलेय. मला सूट नको.’’

‘‘सूट कोण देतंय? पैज कशावर होती? तुझ्या पायाखाली क्लच टिकत नाही यावर. काल मी गाडीला लागून चाललो. मूर्तीच्या हातावरचा मोदक हलला नाही. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, मला एक मिनिट नाही जमायचं तसं.’’

‘‘क्लच गेला की नाही? शब्द म्हणजे शब्द.’’

‘‘बघ,’’ ते ओठावरून हात फिरवत म्हणाले, आणि तिथे काही नाही हे लक्षात येऊन हात खाली घेतला. ‘‘मिशी काही परत चिकटवता येत नाही. चावी देता येते. घे.’’

ताई हसू दाबत म्हणाली, ‘‘अगं, काल लेझीमवाल्यांना जरा पाय उचला, पोरीचा क्लच जळतोय, असं विनवत होते हे. कोणी ऐकलं नाही.’’

बाबा खुर्चीत बसून जावयाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘नवीन क्लच बसायला किती दिवस?’’

‘‘तीन-चार लागतील.’’

‘‘बसला की मला डभोईला ने. जावयांची जीप नको. आणि या म्हाताऱ्याला घेऊन रांगत जाऊ नकोस, तू जातेस तशी जा.’’

मी चावी उचलली. नवा क्लच मी कंपनीचा मूळचाच बसवला, दणकट रेसिंगचा घ्या असं सगळे सांगत असताना. आठवड्याभराने डभोई रस्त्यावर उसाची गाडी ओलांडताना मी शेजारी पाहिलं. बाबांनी चपला काढल्या होत्या आणि पाय लांब करून बाहेरचं शेत बघत होते.

पोरं हे सगळं ऐकतात, चहा संपवतात आणि तरीही विचारतात, ‘‘पण मॅडम, पहिल्या क्लचचा आकडा?’’

मी सांगते, साठ हजाराच्या आतच गेला. लिहा नेटवर. बाईनेच जाळला, हेही लिहा.